खरा डीप पर्पल कुठला? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा दादा डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा जुना फॅन आहे. त्याच्या मते ‘मशीन हेड’ हा अल्बम हाच खरा डीप पर्पल, पुढचं सगळं नावावर चाललंय. मी अ‍ॅपवर बघितलं तर 1968 पासून अल्बमच अल्बम, दर थोड्या वर्षांनी माणसं वेगळी, गायकसुद्धा वेगळा. मग बँड तोच कसा म्हणायचा आणि ऐकायला कुठून घेऊ? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : दादाचं प्रेम अस्थानी नाहीये, ‘मशीन हेड’ आहेच तसला. 1971 च्या डिसेंबरात ही मंडळी रेकॉर्डिंगसाठी स्वित्झर्लंडमधे माँत्रोला गेली आणि ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं तोच फ्रँक झापा या अमेरिकी रॉक संगीतकाराचा शो चालू असताना आग लागून जळाला, मग हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या एका हॉटेलात सगळं सामान मांडून, बाहेर रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंग ट्रक उभा करून त्यांनी अल्बम पुरा केला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ त्याच आगीचं गाणं.

पण गिलन (गायक), ब्लॅकमोर (गिटार), लॉर्ड (ऑर्गन), ग्लोव्हर (बेस) आणि पेस (ड्रम) हा जो संच, ज्याला फॅन लोक मार्क टू, म्हणजे दुसरा संच, म्हणतात, तो पहिल्या खेपेला 1969 ते 1973 एवढाच टिकला. आणि ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून साधारण 16 वर्षं होतात, स्टीव्ह मोर्सने 1994 ते 2022 गिटार सांभाळली. अठ्ठावीस वर्षं वाजवलेल्या माणसाला बदली खेळाडू म्हणणं मला तरी पटत नाही. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस.

माझं सांगणं असं की गायक मोजत बसू नका, ऑर्गन पकडा. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर वाजणारा ऑर्गन, मार्शलच्या गिटार अ‍ॅम्पमधून वाजवायचे, त्यामुळे तो चर्चमधल्यासारखा गोड न वाजता गुरगुरतो. हेडफोन लावून ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात ऐका, आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमच्या जोडझांजा) आणि त्याच रिफवर, म्हणजे परत परत येणाऱ्या छोट्या धूनवर, ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, मग बेस, आणि ऑर्गन इतका खरखरीत की पुष्कळांना ती दुसरी गिटारच वाटते. एकदा हे कानात बसलं ना की प्रत्येक काळात गिटार आणि ऑर्गनचे सवाल-जवाब कसे बदलत गेले ते आपोआप ऐकू येतं आणि बँड तोच का, हेही.

सुरुवात ‘मेड इन जपान’पासून करा, ऑगस्ट 1972 मधे ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालेला लाइव्ह अल्बम. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं ‘स्पेस ट्रकिन’ तिथे जवळजवळ 20 मिनिटं चालतं. ‘चाइल्ड इन टाइम’ही आहे त्यात, ज्याची ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून घेतलेली, म्हणजे आपल्या मुंबईचं नाव या गाण्याच्या मुळाशीच आहे! मग 1974 चा ‘बर्न’ लावा. गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेलेत, डेव्हिड कव्हरडेल हा तोवर नाव नसलेला पोरगा जाहिरात वाचून आलाय आणि बेसवर ग्लेन ह्यूज, तोही गातो, दोघांचे आवाज आलटून पालटून येतात, एक जाड खर्जातला, एक वर चढणारा. ह्यूजमुळे फंक आणि सोल हे अमेरिकी संगीताचे ढंग शिरले, ब्लॅकमोरला ते झेपेना, 1975 ला तो बँड सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या टॉमी बोलिनसोबत एकच स्टुडिओ अल्बम झाला, 1976 मधे बँड फुटला आणि त्याच वर्षाच्या शेवटी बोलिन वयाच्या 25 व्या वर्षी वारला. तो अल्बम, ‘कम टेस्ट द बँड’, लोक अजून हिणवतात, पण तो डीप पर्पल आहे का हे न विचारता एकदा ऐका, फार जिवंत वाजवलंय.

मग 1984 चा ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’, मार्क टू परत एकत्र, त्याचं शीर्षकगीत ऑर्गननेच उघडतं. त्यानंतर थेट 1996 चा ‘पर्पेंडिक्युलर’, मोर्सचा पहिला, यात बँड एकदम मोकळा झालेला ऐकू येतो. दादालाही ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ ऐकवाच, कुणाचं ते आधी सांगू नका.

प्रश्न : आता लॉर्ड नाहीत, ब्लॅकमोर नाही, गिलन ऐंशीच्या घरात. नवे अल्बम कशाला ऐकायचे? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : कारण ते चांगले आहेत हो! 2002 मधे लॉर्डनी स्वतःच रजा घेतली, डॉन एअरी आले आणि त्यांनी ती गुरगुर राखून आपलं वाजवलं. जुलै 2012 मधे लॉर्ड वारले, पुढच्या वर्षीचा ‘नाउ व्हॉट’ त्यांनाच अर्पण केलाय, त्यातलं ‘अनकॉमन मॅन’ त्यांच्यासाठीच, सुरुवातीला बराच वेळ कुणी गातच नाही. गिलन आता ‘चाइल्ड इन टाइम’च्या किंचाळ्यांच्या वाटेला जात नाहीत, आवाजाला झेपेल तेवढंच आणि शब्द नीट चावून गातात, मला ते आवडतं. पत्नीच्या आजारपणामुळे मोर्स थांबले, सायमन मॅकब्राइड आला, 2024 चा ‘इक्वल्स वन’ त्याच्यासोबतचा आहे आणि त्यात गिटार परत दणकट झालीये. ‘नाउ व्हॉट’ आधी ऐका, मग हा, लागोपाठ.