लूप थांबेल का?

प्रश्न : माझा प्रोग्रॅम रात्रभर चालूच राहिला. तो थांबणार की नाही, हे न चालवता सिद्ध करता येतं का?

उत्तर : पुष्कळदा येतं. लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या, दर फेरीला घटणारी, पण शून्याखाली न जाणारी पूर्णांक राशी शोधा. ४८ आणि १८ चा मसावि काढताना बाकी १२, ६, ० अशी उतरते, लूप थांबणारच! फळ्यावर हे लिहिताना मला अजूनही आनंद होतो. सगळ्या प्रोग्रॅमना लागू पडेल अशी एकच रीत मात्र असूच शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनी १९३६ मध्ये दाखवलं. आणि हा चिमुकला लूप पाहा : सम संख्या निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, १ आला की थांबा. २७ ला १११ पायऱ्या लागतात, वाटेत ती ९२३२ पर्यंत चढते. १ पासूनच्या प्रत्येक पूर्ण संख्येला तो थांबतो का, हे अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. तुमचा लूप पाठवा, घटणारी राशी मिळून शोधू.