ब्रिटिश वॉर कॉमिक्स लोक अजून का वाचतात?

तुम्ही विचारलंय की दुसरं महायुद्ध संपून 80 वर्षं झाली, शेवटी ब्रिटिशच जिंकणार हेही माहीत असतं, मग कमांडोसारखी कॉमिक्स लोक अजून विकत का घेतात. मी सातवीत असल्यापासून वाचतोय, म्हणून सांगतो.

जिंकतं कोण हे बघायला ती कोणी वाचतच नाही हो. बहुतेक गोष्टींत खरं भांडण दोन ब्रिटिश सैनिकांमध्येच असतं. सार्जंटला नवा लेफ्टनंट पटत नाही, किंवा एकाचा भाऊ कोणाच्या तरी चुकीने मेलाय आणि तोच माणूस आता ह्याच्या प्लाटूनमध्ये आलाय, आणि दोघांना एकाच ट्रकमधून वाळवंट ओलांडायचंय. जर्मन समोर असतातच, पण पान उलटायला लावतं ते ह्या दोघांचं पुढे काय होतंय हे.

आणि आकार! खिशात मावणारं, साठेक पानांचं, पानावर दोन-तीनच चौकटी, आत सगळं काळंपांढरं. अर्ध्या तासात अख्खी गोष्ट संपते, पुढच्या अंकाची वाट बघायला नको. आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत भाड्याने मिळायची, कव्हर सेलोटेपने चिकटवलेली, आणि शेवटचं पान फाटलेलं असलं की ज्याने आधी वाचलंय त्याला गाठून शेवट विचारायचा. 'आख्तुंग' (सावधान) आणि 'हेंडे होख' (हात वर) हे जर्मन शब्द आमच्या गल्लीत सगळ्यांना यायचं, जर्मनी नकाशात कुठे आहे हे माहीत नसतानाही.

कमांडो सुरू झालं जुलै 1961 मध्ये, स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीने काढलं, पहिल्या अंकाचं नाव 'वॉक ऑर डाय'. त्याच्या आधी 1958 पासून लंडनची 'वॉर पिक्चर लायब्ररी' नावाची अशीच कॉमिक्स मालिका होती. तेव्हा वाचणाऱ्या पोरांचे बाप स्वतः लढून आलेले, आणि लिहिणाऱ्यांत आणि चित्रं काढणाऱ्यांतही युद्ध बघितलेले लोक होते, त्यामुळे बूट, दारूगोळा, गाड्या, सगळं नेमकं. इयन केनेडींची विमानाची कव्हरं बघा, तेही डंडीचेच. एक्झॉस्टमधून मागे गेलेला काळा ओघळसुद्धा दिसतो, आणि विमान असं कललेलं असतं की बघणाऱ्याचीही मान कलते. कमांडो आजही दर पंधरवड्याला चार निघतात, दोन नव्या गोष्टी आणि दोन जुन्या.

पण ह्या सगळ्यात एकच वाचणार असाल तर 'चार्लीज वॉर' वाचा. बॅटल नावाच्या साप्ताहिकात 1979 पासून आलं, लेखन पॅट मिल्स, चित्रं जो कोलहून. पहिलं महायुद्ध, 16 वर्षांचा चार्ली वय खोटं सांगून भरती होतो आणि 1916 च्या फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत जाऊन पडतो. घरी पत्रं लिहितो ती चुकीच्या स्पेलिंगची, साधी, काळजी करू नका म्हणणारी, आणि त्याच पत्राच्या बाजूला चित्रात काय चाललंय ते आपल्याला दिसत असतं. त्याचा दोस्त जिंजर तोफगोळ्याने मरतो, आणि जे काही उरलंय ते चार्ली एका पोत्यात गोळा करून पुरायला घेऊन जातो. हे पोरांच्या साप्ताहिकात छापलं होतं. मी ते चाळिशीत पहिल्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसलो.

एक गोष्ट मात्र खुपते. जुन्या अंकांत जपानी आणि जर्मन सैनिक नुसते ओरडून मरायला असतात, आणि आपले भारतीय सैनिक असले तरी कुठेतरी मागच्या चौकटीत. 10 जुलै 1944 ला इटलीत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगेंच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, जवळजवळ सगळे मशिनगनने पडले. हा 22 वर्षांचा नाईक एकटा धावत गेला, ग्रेनेडने गन बंद केली, बंदुकीचं गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्यांनी तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, रायगडमधल्या माणगावला पुतळा आहे. ह्यात शब्दाचीही भर घालायला नको, तसंच्या तसं कमांडोच्या साठ पानांत बसतं. गाडीतून माणगाववरून जाताना दर वेळी ते पान माझ्या डोळ्यासमोर येतं, वर इटलीची टेकडी, खाली तो एकटा धावतोय, आणि चौकटीत एकही संवाद नाही.