शिंदळ माकुडीचं एक पान पुरतं का?

प्रश्न: भाची एमएस्सी बॉटनी करतेय, तिला प्रोजेक्टला शिवनेरीवरच्या शिंदळ माकुडी या दुर्मिळ वनस्पतीचा क्लोरोप्लास्ट जीनोम सिक्वेन्स करायचाय. अख्खा जीनोम (झाडाचा सगळा डीएनए) सोडून एवढंसंच का? आणि त्याने झाड वाचणार आहे का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, नुसत्या सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम लावून, झाड काही वाचत नाही. पण काम वायाही जात नाही.

क्लोरोप्लास्ट म्हणजे शाळेतलं हरितलवक, त्याचा स्वतःचा वेगळा गोल डीएनए असतो, फुलझाडांत साधारण दीड लाख अक्षरांचा, आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो कॉपी असतात, म्हणून पानातला सगळा डीएनए वरवर वाचला तरी क्लोरोप्लास्टचा पुरेसा मिळतो आणि कॉम्प्युटरवर जोडता येतो. केंद्रकातला जीनोम कितीतरी पटींनी मोठा, एमएस्सीच्या बजेटात कुठून बसणार! तंबाखूचा क्लोरोप्लास्ट तर १९८६ मध्येच पूर्ण वाचून झाला होता.

उपयोग मुख्यतः ओळखीचा आणि नात्यागोत्याचा. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही वनस्पती मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रेरिया म्हणून वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवली. तिच्या जवळच्या भाईबंदांना धड पानं नसतात आणि हिला चांगली मांसल पानं, पण डीएनएवरून ती बूसेरोसिया या त्या भाईबंदांच्याच प्रजातीत बसते असं आता बरेच जण मानतात.

मेख अशी की बहुतेक फुलझाडांत क्लोरोप्लास्ट आईकडूनच येतो, परागकणातून नाही, त्यामुळे एका कड्यावरच्या सगळ्या झाडांचा तो सारखाच निघू शकतो आणि त्यांच्यात विविधता किती उरलीय हे कळतच नाही. आणि ही फांदी लावून सहज जगते, म्हणजे नर्सरीतल्या शंभर कुंड्या एकाच झाडाच्या असू शकतात, तीच लावून "संवर्धन झालं" म्हणायचं हे मला पटत नाही. त्यासाठी केंद्रकातल्या डीएनएचे मार्कर (झाडाझाडांतला फरक दाखवणाऱ्या खुणा) लागतात, तेवढं गाइडला विचारायला सांगा. पैसे नसतील तर निदान वज्रगड, सज्जनगडचे नमुनेही घ्या.

झाड उपटायची गरज अजिबात नाही, एखाद-दुसरं पान सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) वाळवलं की झालं. मांसल पानातला बुळबुळीत रस डीएनए काढताना छळतो, म्हणून कोवळं पान बघा, आणि उन्हाळ्यात पानं गळतात, त्यामुळे पावसाळ्यातच जा, वनखात्याची परवानगी मात्र आधीच काढून ठेवा, तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.