एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहेत, पण विंडोज अपडेटनंतर ग्रब मेनू (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणारी यादी) येत नाही, थेट विंडोजच सुरू होतं. उबुंटू उडालं का?

बहुतेक नाही. अपडेटनंतर बूटच्या क्रमात (मशीन चालू होताना कोणती सिस्टीम आधी सुरू करायची त्या यादीत) विंडोज वर सरकलं असणार. घाईने फॉरमॅट मारू नका, प्लीज.

बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं. मग मशीन चालू होताच बायोस उघडायला एफ२ किंवा डिलीट दाबा (कंपनीनुसार बटण बदलतं), बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या वर ‘उबुंटू’ आणा आणि सेव्ह करा.

यादीत उबुंटूच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून उबुंटू इन्स्टॉल न करता चालतं) ‘बूट-रिपेअर’ हा बूट दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवा. विंडोज यूईएफआयवर (जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय मोडमध्येच सुरू करायचा, इथेच बरेच जण अडकतात.

विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही (विंडोज पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी लवकर सुरू करणारी सोय) बंद करून टाका. ते चालू असलं की उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिताना अडचण येते.