कामावर जाणाऱ्या माणसाला रोज अभ्यंग जमतो का? तेल कोणतं आणि कसं लावायचं?

तुम्ही विचारलंय की सकाळच्या घाईत रोज अभ्यंग, म्हणजे कोमट तेलानं स्वतःचं मालिश करणं, झेपेल का, आणि त्याचा खरंच उपयोग होतो का. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो, पाळी सकाळी आठची. सहा वर्षं करतोय, त्यामुळं झेपतं हे खात्रीनं सांगतो. पण ‘सगळं अंग, पूर्ण तासभर’ असा हट्ट धरलात तर आठ दिवसांत सुटेल. माझंही पहिल्यांदा तसंच सुटलं होतं.

दिवसभर उभं राहायचं काम. वडगावला घरी पोचेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. तेल म्हटलं की आम्हाला दिवाळीची पहिली अंघोळ तेवढी ठाऊक. शेजारच्या कन्नड अज्जी मात्र आठवड्याला नेमानं नातवंडांना एण्णे-स्नान, म्हणजे तेल लावून अंघोळ, घालायच्या. त्यांनीच मला पाय चोळायला बसवलं. पुढं कळलं की चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, त्याच्या सूत्रस्थान या भागाच्या ५व्या अध्यायात, अभ्यंगासाठी गाडीच्या कण्याचा दाखला दिलाय: वंगण मिळालेला कणा जसा भार सोसतो, तसं तेल मुरलेलं अंग कष्ट सोसतं. सकाळी ऑइलिंग केल्याशिवाय आम्ही मशीनचा स्विच दाबत नाही. हा दाखला माझ्या मनात बसला तो बसलाच.

वेळेचं उत्तर वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्यानं देऊन ठेवलंय. अष्टांगहृदय या आपल्या ग्रंथाच्या दिनचर्येच्या अध्यायात तो अभ्यंग रोज करायला सांगतो, पण विशेष भर देतो डोकं, कान आणि पाय यांवर. म्हणून कामाच्या दिवशी मी टाळू, कानामागची जागा आणि पाय एवढंच करतो, दहा मिनिटांत होतं. सर्वांग रविवारी.

तेल तिळाचं, कच्च्या घाण्याचं. उन्हाळ्यात खोबरेल. घरात करडईचं किंवा शेंगांचं असेल तर तेही चालतं, महागड्या बाटलीसाठी अडून बसू नका. तेल कधीही थेट गॅसवर तापवू नका. वाटीत दोन-तीन चमचे घ्या, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. मधुमेहामुळं पाय बधिर असतील तर हे जास्तच जपा, कारण पायाला चटका कळत नाही. हातापायांवर लांब हात फिरवा, गुडघे-कोपर-खांदे यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हलकं. मग पाव तास थांबून अंघोळ. अंगावर गरम पाणी चालतं, डोक्यावर कडक पाणी नको, असंही वाग्भट सांगतो. साबणाऐवजी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लावलं तर तेल निघतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझे वडील तेलकट पायांनी मोरीत गेले आणि घसरले. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. आपल्याकडं जूनपासून फरशी तशीही ओलसर असते. तेव्हापासून आमच्या घरात नियम: स्टुलावर बसूनच तेल लावायचं, खाली जुनं पोतं अंथरायचं, आणि उठण्याआधी तळवे कोरड्या फडक्यानं घट्ट पुसायचे. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या तळव्यांना तेल रात्री अंथरुणातच लावा.

फायद्याबद्दल खरं सांगायचं तर मला तीन गोष्टी जाणवल्या: झोप लवकर लागते, थंडीत टाचा फुटत नाहीत, पोटऱ्या मऊ राहतात. यानं साखर उतरते किंवा झिजलेला गुडघा भरून येतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ताप असेल, अपचन झालं असेल, सर्दी-कफ दाटला असेल तर त्या दिवशी राहू द्या. हे शास्त्रातही सांगितलंय. जेवल्या जेवल्या करू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर आत थेंबही नको. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

प्रकृतीनुसार कोणतं तेल हे विचारायचं असेल तर तुमच्या गावच्या वैद्यांकडं जा. आमच्याकडं शहापुरात केएलई संस्थेचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, बेळगावच्या आसपास राहत असाल तर तिथं विचारता येईल. तोवर आज रात्री पायांपासून सुरुवात करा. टॉवेल मात्र जुना आणि वेगळा ठेवा, तेलाचा वास त्यातून जात नाही.