चुंबकाशिवाय, केवळ रबरी पापुद्र्यावर स्पीकर कसा वाजतो?

इलॅस्टोमरच्या, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पदार्थाच्या, पडद्याचा, चुंबक नसलेला हलका स्पीकर खरोखर बनतो काय आणि तो नेहमीच्या स्पीकरची जागा घेईल काय, असे आपण विचारले आहे. बनतो हे खरे आहे. खर्जाच्या बाबतीत मात्र तो जागा घेईल असे मला वाटत नाही.

नेहमीच्या स्पीकरचे बरेचसे वजन चुंबकाचे आणि त्याभोवतीच्या लोखंडाचे असते. येथे त्यांच्याऐवजी सिलिकोनचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, ताण दिला तरी न तुटणारा, बहुधा कार्बनचा विद्युतवाहक लेप असतो. विद्युतदाब देताच दोन्ही लेप एकमेकांना ओढतात आणि मधला पापुद्रा लाटण्याखालच्या पोळीसारखा पातळ होत पसरतो. 50 मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकोनवर 1,000 व्होल्ट दिल्यास पापुद्र्याला चेपणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश भरतो. मात्र पापुद्रा आडवा पसरत असल्याने सपाट पडद्यातून आवाज फारसा निघत नाही. म्हणून मागून थोडी हवा भरून त्याला फुगवटा द्यावा लागतो. अमेरिकेतील एसआरआय इंटरनॅशनलच्या संशोधकांनी 1998 च्या सुमारास असेच स्पीकर करून पाहिले होते.

खरी गंमत पुढे आहे. हा चेपणारा दाब व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने धन आणि ऋण यांतला फरक पापुद्र्याला कळत नाही, त्यामुळे नुसता ध्वनिसंकेत दिला तर मध्य षड्जाऐवजी तार षड्ज ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणून संकेताखाली मोठा स्थिर विद्युतदाब ठेवतात. तरीही थोडी विकृती उरते आणि ती संकेतावर आधीच गणिती प्रक्रिया करून कमी करावी लागते.

खर्जाची अडचण अधिक मूलभूत आहे. एक सप्तक खाली उतरले की तेवढ्याच आवाजासाठी हवा चौपट हलवावी लागते. त्यासाठी पडदा जास्त ताणायचा तर व्होल्टेज वाढते, आणि मग धुळीचा एखादा कण किंवा पातळ राहिलेली एखादी जागासुद्धा पापुद्रा जाळून भोक पाडायला पुरते.

हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये कार्बनऐवजी खारट हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ, वापरून पूर्ण पारदर्शक स्पीकर वाजवून दाखवला. खिडकीच्या काचेवर बसवून बाहेरचा गोंगाट कमी करण्यासारख्या कामात, जिथे वजन आणि जाडी दोन्ही नकोशी असतात, तिथे मला या तंत्राची खरी उपयुक्तता दिसते. महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून आपण हे करणार असाल, तर उच्च व्होल्टेजच्या स्रोताला विद्युतप्रवाहाची मर्यादा घातल्याशिवाय आणि जाणकार सोबत असल्याशिवाय हात घालू नये.