नऊ एकांचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१

प्रश्न : सर, ही संख्या वाचायची कशी? मुलगी अब्जापर्यंत येऊन अडते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) दसपटीने वाढणाऱ्या स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो. मग २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म... मुलीकडून हे मोठ्याने म्हणवून घ्या.

प्रश्न : एक्सेलमध्ये टाकली की शेवटी ३०० दिसतं.

एक्सेल पंधरा अंकच राखतं, पुढे शून्यं भरतं. आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा, मग संख्या लिहा.

प्रश्न : ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव कसे पाडायचे?

मूळ नाही. अंकांची बेरीज ८१, त्यामुळे ९ ने भाग जातोच. पण एवढ्यावर थांबू नका. हा १११११११११ चा वर्ग आहे. कागदावर उभा गुणाकार मांडा : एकांची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या पहिल्या घराची बेरीज १, दुसऱ्याची २, मधल्या घराची ९, आणि तिथून पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून उत्तर दोन्हीकडून सारखंच वाचता येतं.

आता वर्गाला हात न लावता वर्गमूळ फोडा. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. शेवटची संख्या मूळ आहे. म्हणजे आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. प्रत्येकात एक मिळवून गुणा : ५ × ३ × ३ = ४५ विभाजक.

प्रश्न : दहा एकांचा वर्गही असाच येतो का?

नाही. मधल्या घरात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं मोडतं. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १, १२१, १२३२१ या संख्यांना ‘डेमलो’ म्हटलं. ही कल्पना सुचली त्या रेल्वे स्टेशनाचं ते नाव. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ हे नावही त्यांचंच. नऊ एकांचा वर्ग हर्षद आहे : ८१ ने भागल्यावर १२३४५६७९ चा वर्ग उरतो. दहा एकांच्या वर्गात अंकांची बेरीज ८२, आणि विषम संख्येला ८२ ने भाग कसा जाणार?

प्रश्न : मग ही परिपूर्ण संख्या असू शकेल?

नाही, आणि याची सिद्धता मला फार प्रिय आहे. परिपूर्ण संख्येच्या सगळ्या विभाजकांची बेरीज, ती स्वतः धरून, तिच्या दुप्पट म्हणजे सम असते. इथे विभाजक ४५, सगळे विषम. पंचेचाळीस विषम संख्यांची बेरीज विषमच येते. हाच युक्तिवाद कोणत्याही विषम पूर्ण वर्गाला लागू पडतो. २२५ वर स्वतः करून पाहा.